सोफ्यावरचा गव्हर्नर

"अकरा जण खेळायला आणि शंभर जण वाजवायला," गोपाळकृष्ण काका माझ्या कानाशी पुटपुटले. "आमच्या मंडळाच्या मिरवणुकीतसुद्धा एवढं वाईट प्रमाण नसतं."

टीव्हीवर नायजेरियाला कॉर्नर मिळाला होता, पण कॅमेरा भटकला होता प्रेक्षकांत. तिथे डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या कपड्यांतला एक ताफा ढोल बडवत होता. ताफ्याच्या पुढे, टोपीत पांढरं पीस खोवलेले एक भरदार गृहस्थ गाल फुगवून ट्रम्पेट वाजवत होते.

"काका, हळू."

"मराठीत बोलतोय मी."

"तेगाला मराठी कळतं."

काकांनी चटईवर बसलेल्या तेगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकदम मोठ्यांदा म्हणाले, "चटणी आहे का जरा?"

ट्रम्पेटवाले गृहस्थ म्हणजे तेगाचे वडील. खोलीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. ते पडद्यावर आले की आमच्याकडे कोणाला चटणी लागते, कोणाला पाणी, ब्लेसिंगच्या कानातलं खाली पडतं. कॅमेरा मैदानात परतला की सगळ्यांच्या गरजा एकदम भागतात.

हे सगळं सुरू झालं ते आमच्या वरच्या फ्लॅटमुळे. कोथरूडमध्ये एकाच इमारतीत दोन फ्लॅट असणं ही आमची एकमेव श्रीमंती. वरचा भाड्याने द्यायचा होता तेव्हा एजंटाने दबक्या आवाजात विचारलं, "ताई, परदेशी चालतील का?" मी म्हटलं, "भाडं देशी देणार असतील तर चालतील." मग इकेना आणि तेगा आले. दोघे नायजेरियातल्या एकाच राज्यातले, एकाच गावचे, एकाच शाळेतले. इकेना इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, त्यांच्या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीवर. तेगा कॉम्प्युटर शिकतो, वडिलांच्या पैशांवर. इकेना जिन्यात असला की तिसऱ्या मजल्यापर्यंत कळतं. तेगा घरात असला तरी कळत नाही.

आफ्रिकेतल्या देशांची मोठी स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच मॅचला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, वरून असा आवाज आला की मला वाटलं पाण्याची टाकी खाली आली. गोल झाला होता. गोपाळकृष्ण काका सोसायटीचे अध्यक्ष. ते बनियनवर वर गेले आणि सकाळी जिन्यात सूचना लागली: "रात्री दहानंतर गोल झाल्यास आनंद सकाळी व्यक्त करावा."

मुलांनी ती सूचना शब्दशः घेतली. ही त्यांची चूक म्हणा किंवा संस्कार म्हणा. त्या दिवसापासून रात्रीची मॅच रात्री बघायचीच नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आमच्या दिवाणखान्यात, कारण टीव्ही आमचा मोठा. कॉलेजला त्या दिवशी सगळ्यांना सारखाच ताप यायचा. त्यांच्याच देशातली ब्लेसिंग स्कूटरवरून यायची. ती फार्मसी करते आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, तिथल्या मालकीणबाईंना टाळ्याही चालत नाहीत. काका पहिल्यांदा आले ते आवाज मोजायला, आणि पोह्यांची बशी हातात आल्यावर राहिलेच. आता ते पेपराचं खेळाचं पान स्टेपल करून येतात, निकाल चुकून दिसू नये म्हणून. माझा नवरा अभय तेवढा मॅचच्या दिवशी ऑफिसला वेळेवर जातो. लग्नानंतर पहिल्यांदाच.

नियम एकच. आत येताना फोन पोळ्यांच्या डब्यात टाकायचा आणि झाकण लावायचं. निकाल कोणाला माहीत असला तरी सांगायचा नाही. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चालतं. त्यांचं इंग्रजी वेगळं, माझं कॉमेंट्री ऐकून जुळवलेलं, आणि काकांचं इंग्रज गेल्यापासून कोणी वापरलेलं नाही. तरी भांडणात कोणाचं काही अडत नाही.

या नियमाला एक भोक होतं आणि ते डब्यालाच होतं. नायजेरिया जिंकली की तिकडे उजाडल्यावर तेगाच्या वडिलांना धीर धरवत नसे. आमची मॅच निम्म्यावर असायची आणि टीपॉयवरचा डबा थरथरत सरकू लागायचा. डबा नाचला की समजायचं, जिंकलो. मग तिकडे पडद्यावर शून्य-एक का असेना, काका पाय पसरून बसायचे. कोणी बोलत मात्र नसे. बोलायचं नाही असं ठरलं होतं ना.

आता सोफ्याचं सांगते. तेगाच्या वडिलांनी ओळखीच्या एका मुलीबरोबर मला भेट पाठवली होती. सहा वार हिरवं सुती कापड, दणकट, आणि त्यावर हातभर अंतराने एकाच माणसाचा चष्मेवाला हसरा चेहरा छापलेला. ते त्यांच्या राज्याचे गव्हर्नर. त्यांच्याकडे गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांसारखा, निवडून आलेला. निवडणुकीत असं कापड वाटतात आणि बायका त्याचे कपडे शिवून सभेला जातात. मी त्याचा पंजाबी ड्रेस शिवला असता तर गव्हर्नर नेमके कुठे कुठे आले असते याचा विचार केला आणि सोफ्याला कव्हरं शिवली. बसण्याच्या गादीवर तीन गव्हर्नर आले, पाठीला तीन.

इकेना आला की तिन्ही चेहरे नीट बघून घ्यायचा, मधल्यावर बसायचा, आणि बसल्यावर थोडं हलून जागा पक्की करायचा.

"आरामात?" मी विचारायची.

"आँटी, पाच वर्षांत या माणसाचा मला पहिल्यांदा उपयोग झालाय."

तेगा कधी सोफ्यावर बसला नाही. पाठ दुखते म्हणायचा आणि चटई घ्यायचा. बावीस वर्षांच्या मुलाची पाठ जमिनीवर बसून बरी होते, हे मीही मान्य करून टाकलं होतं.

मॅचपेक्षा मध्यंतर जोरात व्हायचं. इकेना उठून उभाच राहायचा.

"आमच्या गावच्या स्टेडियमचं गवत तीनदा लावलंय. कागदावर. तिथे शेळीसुद्धा चरायला जात नाही."

"शेळी अनुभवी असते," काका म्हणायचे.

"खेळाडूंना बोनस नाही, म्हणून त्यांनी सराव बंद केला. आणि साहेब लोक बायकामुलं घेऊन पुढच्या रांगेत!"

"खेळाडू काय उपाशी आहेत?" ब्लेसिंग चिडायची. "युरोपात आठवड्याला जे कमावतात त्यात माझं अख्खं गाव शिकेल. देशासाठी खेळा की फुकट."

"म्हणजे श्रीमंताचे पैसे खाल्ले तर चालतं?"

"मी असं म्हटलं नाही. मी म्हणते, चोर नवा आणला तरी खुर्ची जुनीच असते. कोच बदला, अध्यक्ष बदला, मंत्री बदला. पासपोर्टवरचा फोटो तेवढा वेगळा."

काकांना हे फार वेळ सहन होत नसे. भ्रष्टाचारात आपण मागे पडतोय असं त्यांना वाटायचं. एकदा ते सरसावून बसले. "हे बघा मुलांनो, तुमच्याकडे नियोजन नाही. आमच्या गल्लीत आधी रस्ता करतात. मग पाण्याची लाइन आठवते, म्हणून खणतात. बुजवतात. मग केबल आठवते. परत खणतात. एका रस्त्यावर चार घरं जेवतात. याला म्हणतात सर्वसमावेशक विकास."

इकेनाने आदराने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, आमच्याकडे रस्ता करतच नाहीत. थेट जेवतात."

काकांनी पोह्यांची बशी पुढे ओढली.

"पण यांना निवडून कोण देतं?" दोन घास खाऊन त्यांनी खिंड लढवली.

"कोणी नाही," इकेना म्हणाला. "ते निवडून येतात."

त्यावर ब्लेसिंग हसता हसता बोलून गेली, "आणि प्रत्येक चोराच्या घरात एक मुलगा असतो. तो स्वभावाने फार चांगला असतो."

हसू तिथेच थांबलं. तेगा उठला, "पाणी आणतो" म्हणून आत गेला. भरलेला जग टीपॉयवर होता. ब्लेसिंगने कानातलं शोधायला मान खाली घातली ती मॅच सुरू होईपर्यंत वर केली नाही.

खरं तर तेगाच्या वडिलांना चोर म्हणवत नाही, हीच पंचाईत होती. चर्चमध्ये वाजवणारे, हसरे, दिलदार गृहस्थ. पहिल्या विजयानंतर त्यांनी व्हिडिओ कॉलवर स्वतःच सांगून टाकलं होतं, अगदी अभिमानाने: "हिज एक्सलन्सींनी आम्हा शंभर जणांना सरकारी खर्चाने पाठवलंय! देशाचं मनोबल वाढवायला." मग फोन फिरवून हॉटेलचा पोहण्याचा तलाव दाखवला. निळाशार. इकेना माझ्या शेजारी उभा होता. त्याच गव्हर्नरांच्या सरकारने त्याची शिष्यवृत्ती वर्षभर थांबवली होती. विचारलं की एकच उत्तर यायचं, निधी उपलब्ध झाल्यावर कळवू. निधी पोहत होता.

"वेल डन, सर," इकेना म्हणाला. हात पाठीमागे बांधून, मान झुकवून.

मोठ्या माणसाला त्यांच्याकडे असंच बोलतात. मित्राचा बाप म्हणजे आपला बाप, आणि बापाला विचारायचं नसतं. आमच्याकडे तरी काय वेगळं? फोन आला की आम्ही सगळे उठून सोफ्यासमोर ओळीने उभे राहायचो, काकासुद्धा. मागचे गव्हर्नर कोणत्या अवस्थेत आहेत ते दिसू नये म्हणून.

"मला पाहिलंत ना?" ते विचारायचे.

"पाहिलं, डॅडी!" सगळे.

"मॅडम, कापड आवडलं?"

"रोज वापरात आहे," मी म्हणायची. खोटं नव्हतं.

उपांत्य फेरीच्या आदल्या आठवड्यात मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. वरची खिडकी उघडी होती. कान टवकारावे लागले नाहीत, इकेना होता.

"कॉलेज म्हणतंय, फी भर नाहीतर हॉल तिकीट नाही. बास. शेवटची सेमिस्टर, आणि मी घरी."

तेगा काहीतरी पुटपुटला.

"नको. तुझ्या घरून नको."

"का?"

कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. ज्या मुलाचं पोट बोलल्याशिवाय भरत नाही तो दोन शिट्ट्या गप्प होता. मी पिळलेला टॉवेल परत पिळला.

दुसऱ्या दिवशी इकेना तोच कुकर घेऊन खाली आला. घासून लख्ख केलेला.

"आँटी, हा तुम्ही ठेवा."

"का रे, बिघडला?"

"नाही. सामानात वजन होतं."

मी कुकर घेतला. सामान कसलं, हे विचारलं नाही. भाड्याचं नंतर बघू असं मी त्याला केव्हाच सांगितलं होतं, पण कॉलेजची फी म्हणजे आमचंही वर्षभराचं घर चालेल एवढी रक्कम. ब्लेसिंगने वर्गणी काढायची म्हटली तर त्याने तिला हाकलून दिलं. "मी राज्याचा विद्यार्थी आहे, भिकारी नाही," म्हणाला. तो ओरडायचा मंत्र्यांवर, गवतावर, बोनसवर. ट्रम्पेटबद्दल एक शब्द नाही. तेगा सकाळ-संध्याकाळ त्याच्या ताटात वाढायचा, पण ट्रम्पेटचं नाव तोही काढायचा नाही. आम्ही सगळे इतके समजूतदार झालो होतो की एक मुलगा पदवी न घेता परत चालला होता आणि आम्ही त्याला पोहे आणखी हवेत का ते विचारत होतो.

उपांत्य फेरीच्या सकाळी सगळे वेळेवर हजर. फोन डब्यात. ब्लेसिंगने जोलोफ भात करून आणला होता. काका त्याला लाल मसालेभात म्हणतात आणि दोनदा घेतात. इकेना मधल्या गव्हर्नरवर बसला. तेगा चटईवर.

पहिला गोल आपला. घर दणाणलं, सकाळचं होतं म्हणून कायदेशीर. मग त्यांनी बरोबरी केली. एक-एक. मध्यंतर झालं.

डबा गप्प होता.

कोणी डब्याकडे बघत नव्हतं, म्हणजे प्रत्येक जण दर मिनिटाला बघत होता. काकांनी डब्याजवळची बशी उगाच बाजूला केली, न जाणो, त्याला सरकायला जागा नसेल. दुसरा अर्धा संपला. जादा वेळ सुरू झाला. पडद्यावर पांढरं पीस दिसलं, ट्रम्पेट दिसलं.

"चटणी," ब्लेसिंग म्हणाली. चटणी तिच्या बशीतच होती.

"रेंज नसेल," काका डब्याकडे बघून म्हणाले. "स्टीलमध्ये रेंज जाते कधीकधी."

"हो, काका," तेगा म्हणाला.

पेनल्टी आल्या. हरलोय हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी प्रत्येक किकला सगळे हात जोडत होते. आमची शेवटची बारवरून गेली. पलीकडे उड्या मारणारी माणसं, अलीकडे गवतावर बसलेली. तिथलं गवत खरं होतं.

इकेनाने टीव्ही बंद केला नाही. "संपलं," एवढंच म्हणाला. त्याचं विमान त्याच आठवड्यात होतं. तो मॅचबद्दल बोलतोय असं आम्ही धरून चाललो.

"पुढच्या वेळी..." काकांनी सुरुवात केली आणि पुढच्या वेळी इकेना कुठे असेल ते आठवून थांबले.

आणि डबा नाचायला लागला.

हरल्यावर तो कधी नाचला नव्हता. तेगाने झाकण काढलं, फोन घेतला आणि डब्यालाच टेकवून टीपॉयवर उभा केला. आम्ही सवयीने उठलो आणि ओळ धरली. पडद्यावर वडील, डोक्यावर तीच टोपी, पीस जरा वाकलेलं.

"हरलो!" ते म्हणाले. "पण आम्ही वाजवणं थांबवलं नाही. मला पाहिलंत ना?"

"पाहिलं, डॅडी." आवाज तिघांचाच आला.

"जादा वेळात कॅमेरा दोनदा आला माझ्यावर! हिज एक्सलन्सींचा निरोप आलाय, पुढच्या स्पर्धेला दीडशे जण नेणार. मॅडम, नमस्ते! इकेना, माय सन, परीक्षा कधी? अभ्यास काय म्हणतो?"

इकेनाने हात पाठीमागे बांधले. "जवळ आली, सर. चांगला चाललाय."

"शाब्बास! आपल्या राज्याला इंजिनिअर हवेत."

माझ्या शेजारी काकांनी श्वास घेतला. सभेत मुद्दा मांडण्याआधी ते असाच घेतात. "एक्स्क्यूज मी, सर, वन पॉइंट..." मी त्यांच्या पावलावर पाऊल दिलं, चांगलं दाबून. इकेना त्यांच्याकडे बघून मान हलवत होता, नको, नको. ब्लेसिंगचा हात कानाकडे गेला.

तेव्हा तेगा ओळीतून मागे सरला. मला वाटलं, पाणी आणायला चाललाय. तो आमच्या मागून सोफ्याकडे गेला आणि माझ्या दंडाला धरून मला हलकेच बाजूला केलं. मग इकेनालाही. ओळ मधोमध फुटली. आणि जो मुलगा महिनाभर पाठदुखी सांगत होता, तो मधल्या चेहऱ्यावर बसला. हळू, पूर्ण टेकून, फोनच्या बरोबर समोर.

वडील क्षणभर बघत राहिले, मग हसले. "अरे, हे माझं कापड! तेगा, तू हिज एक्सलन्सींवर बसलायस!"

"हो, डॅडी."

"ऊठ, ऊठ, मॅडमना काय वाटेल?"

"त्यांनीच शिवलंय. आम्ही सगळे बसतो."

पलीकडचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. इकेना दबक्या आवाजात म्हणाला, "तेगा, राहू दे." तेगाने त्याच्याकडे पाहिलं नाही. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून तो फोनकडेच बघत होता. त्याचा आवाज कधी इतका वर गेलेला मी ऐकला नव्हता. जिन्यात गेला असेल, तिसऱ्या मजल्यापर्यंत.

"तुम्ही दिसलात, डॅडी. दर मॅचला दिसता. इकेनाची परीक्षा होणार नाहीये, तो परत येतोय. त्याच्या फीच्या पैशांनी तुम्ही तिकडे वाजवताय."